घोडीच्या पायाची शीर दुखावली: फिजिओथेरपी, रोजचं चालवणं, लेसर की डाग?

माणदेशी_सवार

नमस्कार मंडळी. फलटणजवळ आमच्याकडे दोन घोड्या आहेत. थोरली काठेवाडी, नऊ वर्षांची, नाव चंद्रा. गेल्या महिन्यात रपेटीत ओढ्याकाठच्या भुसभुशीत मातीत तिचा पुढचा डावा पाय खचला. संध्याकाळी गुडघ्याखाली मागच्या बाजूला सूज, हात लावला तर गरम, आणि लंगडणं. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली. पायाच्या मागची वरची शीर (डॉक्टर टेंडन म्हणतात) मधोमध फाटली आहे, पूर्ण तुटलेली नाही.

त्यांनी सांगितलं ते असं: सुरुवातीचे आठवडे पागेत विश्रांती, मग हाताला धरून रोज मोजून चालवणं, तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. खोगीर घालून पूर्वीसारखी दौड नऊ महिन्यांच्या आत नाही, कदाचित वर्षही लागेल.

आता अडचण अशी की चंद्रा लंगडायची थांबली आहे. सूज उतरली. त्यामुळे घरात आणि गावात प्रत्येकाचं वेगळं मत. एक काका म्हणतात तापल्या लोखंडाने डाग द्या. शेजारी म्हणतात रानात मोकळी सोड, जनावर आपलं आपण बरं होतं. पुण्याचा मित्र म्हणतो लेसरचं मशीन भाड्याने आण. आणि एकाने विचारलं, "घोड्याला कसली आलीय फिजिओथेरपी?"

मला खरंच जाणून घ्यायचं आहे. घोड्यांचं पुनर्वसन कुणी जवळून पाहिलंय का? घरच्या घरी काय करता येतं, आणि कशावर पैसे घालवू नयेत?

पागेवाला_पुणे

डाग अजिबात देऊ नका. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी लिहून टाकतो.

निवृत्त_रिसालदार

सवार, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं आहे. त्यांचं ऐका.

माझी नोकरी घोड्यांतच गेली. तिथे दिवस सुरू व्हायचा पाय चाचपण्याने. चंदी (दाणा) देण्याआधी मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा) प्रत्येक घोड्याचे चारही पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत हाताने बघायचा. डावा आणि उजवा एकाच वेळी धरायचा, म्हणजे ऊब किंवा जाडी कमीजास्त असली तर लगेच कळते. आजारी घोड्याच्या बाबतीत हेच दिवसातून दोनदा, चालवण्याआधी आणि चालवल्यानंतर तासाभराने. चालवून आल्यावर पाय गरम लागला तर आदल्या दिवशीच्या वेळेवर परत यायचं. हट्ट करायचा नाही.

चालवण्याचे काही नियम सांगतो:

जमीन सपाट आणि घट्ट हवी. लोकांना वाटतं मऊ वाळू चांगली. दुखावलेल्या शिरेला खोल वाळू वाईट, पाय रुततो आणि शीर जास्त ताणली जाते. सरळ रेषेत चालवा. लहान गोल नको, आणि दोरीवर गोल फिरवणं तर नकोच.

सुरुवात पाच-दहा मिनिटांनी. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढ. घड्याळ लावून, अंदाजाने नाही.

पागेत उभी राहिलेली घोडी बाहेर पडली की उड्या मारते. त्या एका उडीत महिन्याची मेहनत जाते. म्हणून चंदी कमी करा. काम नाही आणि दाणा पूर्ण, याने अंगात मस्ती चढते आणि पोटही बिघडतं. वैरण मात्र भरपूर ठेवा. तरी आवरत नसेल तर डॉक्टरांकडून चालवण्यापुरतं शांत करणारं औषध घ्यायला लाजू नका.

मुग्धा_फिजिओ

मी माणसांची फिजिओथेरपिस्ट, नाशिकला. घोड्याला हात लावायचा अधिकार मला नाही, पण टेंडन कसा भरतो हे दोघांमध्ये फार सारखं आहे. माणसाच्या टाचेमागच्या अकिलीस टेंडनचं आणि घोड्याच्या या शिरेचं काम एकच: स्प्रिंगसारखं ताणायचं आणि ती शक्ती परत द्यायची. म्हणून संशोधक या दोन्हींचा अभ्यास बरोबरीने करतात.

"घोड्याला कसली फिजिओथेरपी" असं विचारणाऱ्याला सांगा की मोजून चालवणं हीच फिजिओथेरपी आहे. आमच्याकडेही पेशंट येतो आणि आधी मशीनकडे बघतो. बरं करतो तो व्यायाम, आणि तो कधी किती वाढवायचा हा निर्णय.

डॉ_अश्व

पशुवैद्यक आहे, घोड्यांचं काम जास्त करतो. सवारांचा मूळ प्रश्न "लंगडत नाही तर अजून बरी का नाही" हा आहे असं मला वाटतं, म्हणून त्यावर जरा सविस्तर.

घोड्याच्या पुढच्या पायाचा "गुडघा" म्हणजे खरं तर आपलं मनगट. त्याच्या खाली स्नायू जवळपास नसतातच. हाड, टेंडन, लिगामेंट (हाडाला हाड बांधणारे पट्टे), कातडी, एवढंच. शरीराच्या वजनाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. चौखूर धावताना एका क्षणी तो सगळा एका पायावर येतो आणि ही शीर तुटण्याच्या मर्यादेच्या जवळ ताणली जाते. शिवाय धावताना शिरेचा गाभा तापतो, ४५ अंशांपर्यंत तापमान मोजलं गेलं आहे. तिथे रक्तपुरवठा बेताचा. म्हणून इजा बहुधा मधोमध होते आणि सावकाश भरते.

भरण्याचे टप्पे असे. पहिले काही दिवस सूज, रक्त, ऊब. या काळात थंड पाणी वीस-वीस मिनिटं, दिवसातून अनेकदा, आणि पट्टी. मग काही आठवडे शरीर ती पोकळी घाईघाईने भरतं. हे भरलेलं कोलेजन (शीर ज्या तंतूंची बनते ते द्रव्य) वेगळ्या, कमजोर प्रकारचं असतं आणि त्याचे तंतू वाटेल त्या दिशेने पसरलेले असतात. पिंजलेला कापूस आणि पिळलेलं सूत यांत जो फरक तोच इथे. कापसाचं सूत व्हायला महिने लागतात, आणि ते होतं ओढीच्या दिशेने, बेताचा ताण रोज मिळाला तरच.

आता बघा, दुखणं कशाचं होतं? सुजेचं. सूज गेली, लंगडणं गेलं. आत अजून कापूसच आहे. चंद्रा नेमकी या टप्प्यावर आहे. याच वेळी मालक खोगीर घालतात आणि पुन्हा फाटतं. दुसऱ्या वेळची जखम पहिल्यापेक्षा मोठी असते.

म्हणून रानात मोकळी सोडणंही नको. तिथे ती दिवसभर शांत चरेल आणि संध्याकाळी कुत्रं आलं की चौखूर उधळेल. मोकळ्या सोडलेल्या घोड्यांपेक्षा मोजून चालवलेले घोडे जास्त प्रमाणात कामावर परत येतात, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे.

पागेवाला_पुणे

डॉक्टर, डागाबद्दलही लिहा. आमच्या भागात अजून सर्रास देतात.

डॉ_अश्व

डाग देण्यामागचं जुनं म्हणणं असं की तापलेल्या लोखंडाने रक्त त्या जागी धावतं आणि शीर लवकर भरते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठात यावर मोठा अभ्यास झाला आणि १९८३ साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष स्पष्ट होता: डागाने शीर भरायला काहीही मदत होत नाही. वर कातडी जाड होते आणि जनावराला विनाकारण यातना. डाग दिलेले काही घोडे बरे झालेले दिसतात, कारण डाग दिल्यावर त्यांना कित्येक महिने कामाला लावता येत नाही. गुण त्या विश्रांतीचा असतो.

झणझणीत लेप लावून कातडी सोलवटून काढण्याचंही तेच.

सातपुडा_एक्सप्रेस

सारंगखेड्याच्या बाजारात डाग दिलेला पाय दिसला की आमचे आजोबा पुढे निघून जायचे. म्हणायचे, मालकाने स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की पाय गेलेला आहे.

महालक्ष्मी_रायडर

थोडा वेगळा अनुभव. मुंबईत मी शिकत होते तिथल्या एका घोड्याला अशीच इजा झाली होती. लेसर आठवड्यातून तीनदा, शिवाय शॉकवेव्हची (मशीनने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे धक्के देतात) काही सत्रं. घोडा छान परत आला, आजही उड्यांचं काम करतो. त्यामुळे मशिनांना सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही.

मुग्धा_फिजिओ

रायडर, नावं ठेवत नाही. एकच विचारते: त्या काळात त्याला रोज चालवत होते का?

महालक्ष्मी_रायडर

हो, वेळापत्रक लावून. सहा महिने तरी.

मुग्धा_फिजिओ

मग गुण नक्की कशाचा हे आपण दोघीही सांगू शकत नाही. लेसरबद्दलचे अभ्यास उलटसुलट आहेत. ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जोडीला जरूर करावं. पण सवारांनी मशीनच्या भाड्यासाठी दुसऱ्या सोनोग्राफीचे पैसे खर्च केले तर ते चुकेल. सोनोग्राफीशिवाय पुढचं पाऊल टाकणं म्हणजे अंधारात चालणं.

डॉ_अश्व

मुग्धाताईंशी सहमत. शॉकवेव्हबद्दल एक सावधगिरी. जुनाट लिगामेंटच्या दुखण्यात तिचा उपयोग होतो, पण त्यानंतर काही दिवस ती जागा बधिर होते. म्हणूनच शर्यती आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांत शॉकवेव्हनंतर ठरावीक दिवस घोडा उतरवायला बंदी असते. दुखत नाही म्हणून जोरात धावला आणि पाय मोडला, असं व्हायला नको.

माथेरानचा_घोडेवाला

सगळं वाचलं. ज्ञान बरोबर आहे, पण एक विचारतो. ज्याचं पोट घोड्यावर आहे त्याने काय करायचं? घोडा नऊ महिने उभा म्हणजे खाणं चालू, कमाई बंद. नालबंद थांबत नाही, वैरणवाला थांबत नाही. हौसेच्या घोडीला वर्षभर फिरवणं आणि धंद्याच्या घोड्याला फिरवणं यात फरक आहे. आमच्यात कुणी घोड्यावर प्रेम करत नाही असं नाही. घरातल्या माणसाआधी त्याची चंदी होते. पण हे वेळापत्रक आम्हाला परवडणारं नाही.

आणि रस्त्याचं कुणी बोलत नाही. लाल मातीवर घोडा बरा चालायचा. पेव्हर ब्लॉकवर नाल घसरते, पावसात जास्तच. घसरताना घोडा सावरतो तेव्हा तीच शीर ताणली जाते ना?

निवृत्त_रिसालदार

घोडेवाले, तुमचं रस्त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं. घसरून सावरताना सांधे आणि शिरा दोन्हींना हिसका बसतो.

डॉ_अश्व

घोडेवालेदादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मोठी इजा झाल्यावर स्वस्त आणि झटपट असा मार्ग मी सांगू शकत नाही, तो नाहीच. पण मोठी इजा बहुतेक वेळा एका दिवसात होत नाही. आधी काही दिवस शीर किंचित गरम असते, किंचित जाड असते. घोडा अजून लंगडत नसतो. त्या वेळी पकडलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागतं. रिसालदारसाहेबांनी सांगितलेली रोजची पाय चाचपणी तुमच्यासारख्यांसाठीच आहे. दोन मिनिटं लागतात, पैसा लागत नाही.

दुसरं, वजन. खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांच्या आत ठेवावं. त्याच्या वर गेलं की पाठीचे स्नायू दुखावतात आणि थकवा लवकर येतो, हे तपासून पाहिलेलं आहे. तुमच्याकडचा घोडा ३२५ किलोचा धरला तर खोगिरासकट ६५ किलो. थकलेला स्नायू शिरेला आधार देत नाही, मग शीर फाटते.

तिसरं, खूर. पुढचा भाग वाढलेला आणि टाच खाली बसलेली असेल तर पायाच्या मागच्या शिरांवर ओढ वाढते. नाल झिजली नाही म्हणून नालबंदाला पुढे ढकलू नका. चार-सहा आठवड्यांनी खूर कापलेच पाहिजेत.

माथेरानचा_घोडेवाला

६५ किलो. खोगीरच सात-आठ किलोचं असतं. शनिवारी येणाऱ्या निम्म्या गिऱ्हाइकांना नाही म्हणावं लागेल. एकट्याने म्हटलं तर गिऱ्हाईक शेजारच्याकडे जातं. सगळ्यांनी मिळून पाटी लावली तरच जमेल. बोलून बघतो आमच्या लोकांशी.

पाय बघणं उद्यापासून.

कोकणी_वारा

गिऱ्हाइकाला वजनकाट्यावर उभं करायचं आणि काटा बघायचा मान घोड्याला द्यायचा. भांडण होणार नाही :)

मेंढका

आम्ही धनगर. आमच्याकडे भीमथडी तट्टं असतात, बिऱ्हाड वाहायला. दिवाळीनंतर कोकणाकडे उतरायचं, पावसाच्या आधी परत. तट्टू लंगडायला लागलं तर चुलते त्याचं ओझं बाकीच्यांवर वाटायचे आणि त्याला रिकामं, कळपाच्या मागून चालवायचे. बसवून ठेवायचे नाहीत, पळवायचेही नाहीत. मेंढरांच्या चालीने दिवसभर सावकाश. बरीच तट्टं तशी सुधारलेली पाहिली.

आणि ओझं दोन्ही अंगाला सारखं. एका बाजूला भांडी जास्त झाली की तट्टू तिरकं चालतं, मग पाठीला जखम आणि त्याच बाजूच्या पायाला त्रास.

निवृत्त_रिसालदार

मेंढके, तुमच्या चुलत्यांना नमस्कार सांगा. सारखं ओझं आणि सावकाश चाल, यात पुनर्वसनाचा अर्धा भाग आला.

मुग्धा_फिजिओ

बसवायचं नाही आणि पळवायचंही नाही. पेशंटना आम्ही हेच दिवसभर सांगत असतो.

बर्कशायरची_मराठी

इंग्लंडमधल्या एका तबेल्यात काम करते, शर्यतींचे घोडे. इथली पद्धत सांगते.

इथे प्राण्यांचे फिजिओथेरपिस्ट हा वेगळा पेशाच आहे. बहुतेक जण आधी माणसांचे फिजिओ होतात, मग प्राण्यांचं वेगळं शिक्षण घेतात. १९८०च्या दशकापासून त्यांची संघटना आहे. सुरुवात मात्र त्याहून जुनी. चार्ल्स स्ट्राँग नावाचे फिजिओ लॉर्ड माउंटबॅटन यांच्यावर उपचार करत, आणि माउंटबॅटन यांनी त्यांना आपले पोलोचे घोडे बघायला सांगितलं. विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करण्याची पद्धत त्यांनी घोड्यांसाठी वापरली.

इथे कायदा कडक आहे. पशुवैद्यकाने तपासून परवानगी दिल्याशिवाय फिजिओ घोड्यावर उपचार करू शकत नाही. मला ही अट फार योग्य वाटते. लंगडणं पाठीचं आहे, खुरातल्या गळवाचं आहे की शिरेचं, हे कळल्याशिवाय मालिश सुरू करणं धोक्याचं.

आमच्या जवळच्या केंद्रात पाण्याचा ट्रेडमिल आहे. काचेच्या पेटीत पट्टा फिरतो आणि पाणी हवं तितकं भरतात. पाणी कोपरापर्यंत असलं तर वजन थोडंच कमी होतं, पण कमरेच्या हाडापर्यंत आलं तर पायांवरचा भार सुमारे ७५ टक्के उतरतो. पाणी घोट्याइतकंच ठेवलं तर घोडा पाय उचलून टाकतो, ते सांध्यांच्या हालचालीसाठी. शिरेच्या जखमेत हे फार लवकर करत नाहीत, कारण पाण्याच्या विरोधात पाय ओढायला जोर लागतो.

माणदेशी_सवार

ताई, आमच्या इथे नीरा कालवा आहे. त्यात चालवली तर?

बर्कशायरची_मराठी

नको रे दादा. तळ दिसत नाही, ओढ किती ते कळत नाही, आणि चढताना-उतरताना घसरली तर? कालव्याचं पाणी पायावर ओतायला वापर, तेवढं पुष्कळ.

डॉ_अश्व

बरोबर. आणि पोहणंही सगळ्या दुखण्यांना चालत नाही. पोहताना घोडा डोकं वर काढतो आणि पाठ खाली वाकवतो. पाठीचं दुखणं असेल तर त्याने वाढतं.

इतिहासवेडा

एक विचारू? दुसऱ्या पायाचं काय? २००६ साली अमेरिकेत बार्बारो नावाचा घोडा केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. शस्त्रक्रिया उत्तम झाली, भूल उतरताना धडपडू नये म्हणून त्याला पाण्यात तराफ्यावर शुद्धीवर आणलं, हाड जुळतही होतं. पण सगळा भार पेलणाऱ्या डाव्या पायाच्या खुरात दाह झाला आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला शांतपणे मरण द्यावं लागलं.

डॉ_अश्व

फार योग्य ठिकाणी आठवण केलीत. घोडा तीन पायांवर जगू शकत नाही. चांगल्या पायावर सतत भार आला की त्या खुरातला रक्तप्रवाह बिघडतो आणि खुराचं हाड आतल्या आवरणापासून सुटायला लागतं. चंद्राने दुखरा पाय टेकलेला आहे, त्यामुळे तिला तो धोका कमी. पण पट्टी बांधायची तर दोन्ही पुढच्या पायांना बांधा, खाली जाड बिछाना ठेवा आणि चांगल्या पायाचं खूरही रोज हाताने बघा. एकाएकी गरम लागलं तर लगेच फोन.

स्वयंपाकघरातून

मला घोड्यांतलं काही कळत नाही, पण गेला तासभर वाचतेय. गाजर दाखवून घोड्याकडून व्यायाम करून घेतात असं कुठेतरी ऐकलं होतं. खरं आहे का?

मुग्धा_फिजिओ

खरं आहे, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच! घोडा सरळ उभा करायचा आणि गाजराच्या मागे त्याची मान न्यायची. आधी हनुवटी छातीकडे, मग दोन्ही गुडघ्यांच्या मधे, मग खाली खुरांकडे. त्यानंतर एकेका बाजूला: तंगाच्या (खोगिराच्या पोटपट्ट्याच्या) जागी, कुशीकडे, मागच्या पायाकडे. प्रत्येक जागी काही सेकंद थांबवायचं, मग गाजर द्यायचं. झटका नाही, ओढाताण नाही.

मिशिगनमध्ये यावर अभ्यास झाला, २०११ मध्ये छापला गेला. आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने हे केल्यावर पाठीच्या कण्याला लागून असलेला मल्टिफिडस नावाचा खोल स्नायू सोनोग्राफीत मोजण्याइतका जाड झाला होता. घोड्यांना दुसरा काही व्यायाम नव्हता. पागेत अडकलेल्या जनावराची पाठ टिकवायला याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

कोकणी_वारा

आमच्या सासऱ्यांची मान आखडली आहे. आंबा दाखवून बघतो. मोसम आहेच.

डॉ_अश्व

गाजराचा व्यायाम चंद्राला चालेल. भिंतीजवळ, न घसरणाऱ्या जमिनीवर, आणि खरारा करून अंग गरम झाल्यावर. खुरांपर्यंत वाकवणं मात्र सध्या नको, त्यात पुढच्या पायांवर भार जातो. कुशीपर्यंत ठेवा.

निवृत्त_रिसालदार

खराऱ्याचा विषय निघाला म्हणून. पूर्वी मोतद्दार खरारा झाल्यावर गवताची पेंढी वळून किंवा नुसत्या हाताने मान, खांदा, पाठ, मांड्या चोळायचे. अंगाचा भार टाकून, लयीत. आज मशीन जे करतं त्यातलं बरंचसं त्यात होतं. शिवाय कुठे हात लावल्यावर घोडा कान मागे टाकतो, कुठे कातडी थरथरते, हे रोज चोळणाऱ्याला सगळ्यांच्या आधी कळतं. ताज्या जखमेची शीर मात्र चोळायची नाही.

सातपुडा_एक्सप्रेस

दुखायला लागलं की मेडिकलमधून इंजेक्शन आणून टोचणारे पण आहेत आमच्याकडे.

डॉ_अश्व

दोन कारणांसाठी थांबवा. एक, वेदना मारली की घोडा दुखऱ्या पायावर धावतो. दोन, गिधाडं. डायक्लोफेनॅक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, आणि २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. पण तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत आणि ठरवलेल्या दिवसांपुरतं.

माणदेशी_सवार

धागा वर काढतोय. दुसरी सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले तंतू बऱ्यापैकी एका दिशेने लागलेले दिसतात, मधली काळी जागा (फाटलेला भाग) खूपच कमी झाली आहे. चालणं पाऊण तासावर आलं आहे. धाकट्या घोडीला शेजारी बांधल्यापासून चंद्रा पागेत शांत राहते. गाजराचं काम मुलीने अंगावर घेतलं आहे आणि ती कुणालाही हात लावू देत नाही.

डागवाले काका परवा येऊन पाय बघून गेले. काही बोलले नाहीत, पण जाताना वैरणीची गाडी पाठवतो म्हणाले.

आता डॉक्टरांनी थोडी दुडकी सुरू करायला सांगितली आहे. पण पाऊस तोंडावर आहे. जमीन कुठली धरू?

निवृत्त_रिसालदार

वा! दुडकी दोन-तीन मिनिटांपासूनच, आणि चालण्याच्या मधे. आधी पंधरा मिनिटं चाल, मग सरळ रस्त्यावर दुडकी, मग पुन्हा चाल. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर पाऊल टाकू नका. मुरमाचा रस्ता शोधा, मुरूम पाणी पिऊन घट्ट राहतो. डांबरावर दुडकी फार नको, पण चिखलापेक्षा डांबर बरं. मुसळधार असेल त्या दिवशी नुसतं चालवा आणि दुडकीची वाढ पुढच्या आठवड्यावर न्या.

मुग्धा_फिजिओ

आणि दुडकीच्या पहिल्या आठवड्यात चालण्याची मिनिटं वाढवू नका. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, म्हणजे पाय गरम झाला तर कशाने झाला ते कळेल.

महालक्ष्मी_रायडर

पुढे डॉक्टर हो म्हणाले की जमिनीवर बांबू आडवे टाकून त्यांवरून चालवून बघा. घोडा पाय उचलून, बघून टाकायला शिकतो. पण आधी विचारा. आणि लेसर मी इतक्यात आणा म्हणणार नाही :)

माथेरानचा_घोडेवाला

सवार, ऐकून बरं वाटलं. आमच्याकडे सकाळी पाय बघायला सुरुवात झाली आहे, माझ्याबरोबर अजून काही जण बघतात. एक घोडी लंगडायच्या आधी सापडली, थांबवली, आता ठीक आहे. वजनाच्या पाटीवर अजून भांडण चालू आहे.

डॉक्टर, एक शंका. एका घोड्याचे मागचे दोन्ही पाय सकाळी सुजलेले असतात, घोट्याच्या वरपर्यंत. लंगडत नाही. फिरवून आणला की उतरतात. हे पण शिरेचंच का?

डॉ_अश्व

दोन्ही पाय सारखे सुजलेले, गरम नाहीत, दाबलं तर दुखत नाही आणि चालल्यावर उतरतात, तर बहुधा रात्रभर एका जागी उभं राहिल्याने पाणी साठतं. खाली स्नायू नाहीत, त्यामुळे ते वर ढकलायला हालचालच लागते. संध्याकाळी बांधण्याआधी पंधरा मिनिटं हाताला धरून फिरवा, आणि काम नसेल त्या दिवशी चंदी कमी करा. एकच पाय सुजला, गरम लागला, किंवा अंगात ३८.५ अंशांच्या वर ताप असला, तर फिरवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.